सतराव्या वर्षी लिलावात

दिवाळीच्या सुट्टीत देवासला जाऊन आलो. देवास म्हटलं की आपल्या गोव्यातल्या गाणंवेड्या माणसाला एकच नाव आठवतं, ते म्हणजे कुमार गंधर्व. मलाही तीच ओढ होती, खोटं कशाला बोलू! पण जाण्याचं खरं कारण थोरली बहीण. तिचं सासर तिथलं. पवारांच्या संस्थानात चार पिढ्यांपूर्वी नोकरीला गेलेलं मराठी घर. हल्ली ती मंडळी देवासपासून थोडं आत, टोंकखुर्दला राहतात, कारण भावोजींची नोकरी तिथं आहे. टोंकखुर्द म्हणजे तालुक्याचं गाव. काळी माती, सोयाबीन, गहू, संध्याकाळी बाजारात कचोरीचा वास. नुस्त्याची आठवण काढायची नाही असं बायकोनं निघतानाच बजावलं होतं, ते मी दोन दिवस पाळलं.

भाचा सतरा वर्षांचा, बारावीत. मराठी बोलतो, पण माळव्याच्या वळणाचं. 'मामा, मी ग्राउंडवर जाऊन राहिलो' असं. ग्राउंड म्हणजे शाळेमागचं मुरमाड मैदान. तिथं तो हॉकी खेळतो. शाळेतल्या पीटीच्या सरांनी पाचवीत हातात स्टिक दिली ती अजून सुटलेली नाही. राज्याच्या सब-ज्युनियर संघातून एकदा खेळून आला आहे. मी दोन दिवस काठावर बसून त्याचा खेळ पाहिला. मला हॉकीतलं फार कळतं असा दावा नाही, पण चेंडू त्याचं ऐकतो एवढं कुणालाही दिसावं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ आले. नाव सांगत नाही. मोठ्या शहरात खाजगी अकादमी चालवतात म्हणे. चहा झाला, चिवडा झाला आणि विषय निघाला. डिसेंबरपासून शिबिर आहे, मुलाला तिथं पाठवा, पुढच्या लिलावाच्या यादीत त्याचं नाव घालण्याचं माझ्याकडे लागलं. 'सबसे कम बेस प्राइस भी दो लाख है, भाईसाब.' शिबिराचे पैसे अर्थात आपण भरायचे. मी विचारलं, आणि बारावीचं काय? 'पेपर तो अगले साल भी होगा!'

भावोजी काहीच बोलले नाहीत. पण दोन लाख हा आकडा ऐकताना त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी पाहिलं, आणि त्याच रात्री हा लेख लिहायचा ठरवलं.

सुरुवातीलाच सांगतो, माझा लीगला विरोध नाही. हॉकीपटूच्या हातात दोन पैसे यावेत, दूरदर्शनवर त्याचं तोंड दिसावं, यात वाईट काय? क्रिकेटपटूंना कोटी मिळतात आणि आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं आणणाऱ्या खेळाला रेल्वेची नोकरी, हा अन्याय मलाही टोचतो. २०२४ च्या ऑक्टोबरात हॉकी इंडिया लीगचा नवा लिलाव झाला, त्यात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले. मिळोत, अजून मिळोत. तो तेव्हा भारताचा कप्तान होता, दोन ऑलिंपिक पदकं घेऊन बसलेला माणूस आहे. लिलावात उभं राहायचं की नाही हे त्याला कळतं. माझं म्हणणं आहे ते मिसरूड न फुटलेल्या मुलांबद्दल.

त्या लिलावाला लीगचा एक नियम होता. चोवीस जणांच्या संघात किमान सोळा भारतीय हवेत आणि त्यात चार ज्युनियर असलेच पाहिजेत. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पोरांना परदेशी खेळाडूंबरोबर राहायला मिळावं, शिकायला मिळावं. पण आपल्याकडे नियम झाला की त्याच्याभोवती दुकान उभं राहतं, हे सरकारी खात्यात काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. चार जागा सक्तीच्या म्हटल्यावर त्या चार जागांसाठी पोरं गोळा करणारे निर्माण होणार. आणि ज्युनियर म्हणजे विशीला टेकलेला, अंगापिंडानं भरलेला पोरगा घ्या असं कुणी म्हणत नाही. जितका कोवळा तितका 'प्रॉस्पेक्ट' मोठा! भाजीच्या बाजारात भेंडी निवडतात तसं. शिवाय संघात घेणं वेगळं आणि खेळवणं वेगळं. ऐन सामन्यात मालकाला जिंकायचं असतं, आणि तेव्हा मैदानात असतात ते हॉलंड-बेल्जियमचे तयार गडी.

बरं, ही लीग होते कधी? हिवाळ्यात. नव्यानं सुरू झाली ती २८ डिसेंबर २०२४ ला आणि संपली १ फेब्रुवारी २०२५ ला. मध्य प्रदेश बोर्डाची बारावी फेब्रुवारीत, महाराष्ट्राची फेब्रुवारीत, आपल्या गोवा बोर्डाचीही फेब्रुवारीत. म्हणजे सतरा वर्षांच्या पोरानं नेमकं काय सोडायचं, हे पंचांगच सांगतं.

इथं कोणी म्हणेल, बारावीचं काय घेऊन बसलात? खेळाडूला बारावी कशाला? मित्रहो, मी कारकून आहे. आयुष्यातली वीस वर्षं आस्थापना शाखेत काढली. खेळाडूंच्या राखीव जागांचे अर्ज माझ्या टेबलावरून गेलेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या चिवडा खायला येणारे गृहस्थ सांगत नाहीत. २०१३ साली केंद्राच्या कार्मिक विभागानं खेळाडूंच्या भरतीबाबतच्या सूचना एकत्र करून काढल्या. कोण पात्र? ज्यानं राज्याचं किंवा देशाचं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रतिनिधित्व केलं तो. ज्यानं विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळली तो. ज्यानं राज्याच्या शालेय संघातून राष्ट्रीय शालेय स्पर्धा खेळली तो. शारीरिक क्षमतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला तो. झालं, यादी संपली. कुठल्या शेठजींच्या संघाकडून लीग खेळली, ही गोष्ट त्या यादीत नाही. दुसरी गोष्ट, वयात पाच वर्षांपर्यंत सूट मिळते, शिक्षणाच्या अटीत मिळत नाही. कनिष्ठ कारकुनाला बारावी लागते म्हणजे लागते. मग तो कितीही गोल मारून आलेला असो.

माझ्या आठवणीत एक अर्ज आहे. फुटबॉलवाला पोरगा होता, हॉकीचा नव्हे. अर्जाला लीगच्या जर्सीतला फोटो जोडलेला, वर्तमानपत्राची कात्रणं, कुठल्याशा पंचतारांकित हॉटेलातला समारंभ. बारावीची गुणपत्रिका नाही. अकरावीत असताना संघानं उचललं, दोन हंगाम वापरलं, गुडघा गेल्यावर करार नूतनीकरण केला नाही. त्या अर्जावर 'अपात्र' असा शेरा माझ्या अक्षरात आहे. नियमाप्रमाणे बरोबरच होता. तो पोरगा नंतर एकदा काउंटरवर येऊन फोटो तेवढा परत मागून घेऊन गेला.

आता लीगच्या आयुष्याकडे बघू. या मुद्द्यावर मला खरोखर संताप येतो. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. धनराज पिल्लेचा मराठा वॉरियर्स तुम्हाला आठवत असेल. २००८ ला ती संपली. २०१२ साली वर्ल्ड सीरीज हॉकी आली, एक हंगाम झाला, मागे खेळाडूंच्या थकलेल्या मानधनाच्या तक्रारी तेवढ्या उरल्या. २०१३ ला हॉकी इंडिया लीग. पहिलं विजेतेपद रांची ऱ्हायनोजनं मिळवलं. दोन हंगामांनंतर तो विजेता संघच राहिला नाही! मुंबई मॅजिशियन्सचंही तेच झालं. मग २०१७ नंतर अख्खी लीगच बंद पडली, ती सात वर्षांनी उठली. आणि उठल्यावर एक हंगाम होतो न होतो तोच २०२५ मध्ये यूपी रुद्राज संघानं पैशाचं गणित जुळत नाही म्हणून काढता पाय घेतला.

हिशेब करा. २०१७ साली सतरा वर्षांचा जो पोरगा 'आता लीगच' म्हणून शाळा सोडून बसला असेल, तो लीग पुन्हा सुरू होईपर्यंत चोवीस वर्षांचा झाला. मधल्या सात वर्षांचं त्यानं काय करायचं होतं? ज्या धंद्याला स्वतःच्या पुढच्या हंगामाची खात्री देता येत नाही, त्यानं पोराच्या बापाला 'यही उमर है, भाईसाब' म्हणून घाई करावी, हे कुठल्या तोंडानं?

घाई कुणाला असते हे नीट पाहायला हवं. ती खेळाला नसते. ध्यानचंद १९२२ साली पलटणीत भरती झाले ते सतराव्या वर्षाच्या आतबाहेर. भारतीय लष्कराच्या संघातून न्यूझीलंडला गेले १९२६ ला. मधली चार वर्षं पलटणीच्या मैदानावर. खडकीचा धनराज तुटक्या स्टिका बांधून खेळत मोठा झाला, थोरल्या भावाच्या मागे मुंबईला आला, कंपनीच्या संघात खेळला आणि भारताचा शर्ट घातला १९८९ च्या डिसेंबरात, एकविसाव्या वर्षी. त्यानंतर पंधरा वर्षं खेळला, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. आणि आपला गोंयकार लिओ पिंटो? १९४८ ला लंडनमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या सुवर्णपदकाच्या गोलात जो उभा होता तो चौतीस वर्षांचा होता. युद्धानं त्याची दोन ऑलिंपिकं गिळली तरी हात शाबूत राहिले.

याला उत्तर म्हणून त्या गृहस्थांनी विवेक सागर प्रसादचं नाव फेकलं. फेकणारच, टोंकखुर्दमध्ये बसून मध्य प्रदेशच्या पोराचं उदाहरण द्यायचं तर दुसरं कुठलं? इटारसीजवळच्या खेड्यातला, शाळामास्तराचा मुलगा, २०१८ च्या जानेवारीत अठरा पूर्ण व्हायच्या आत भारताकडून खेळला. खरं आहे. पण पूर्ण गोष्ट सांगा की! त्याला अकोल्याच्या एका स्पर्धेत पाहिलं अशोक कुमारनी, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलानं. पाहून त्यांनी काय केलं? भोपाळच्या सरकारी अकादमीत आणलं. तिथं राहणं, खाणं, शिकणं, टर्फ. २०१५ ला सरावात गळपट्टीचं हाड मोडलं, त्यात औषधोपचाराची गुंतागुंत होऊन जिवावर बेतलं, पोरगा कित्येक दिवस इस्पितळात. त्या काळात त्याच्या पाठीशी अकादमी होती, गुरू होता. कुणा मालकानं त्याच्या जागी दुसरा उचलला नाही, कारण मालकच नव्हता. तो बरा झाला, परत उभा राहिला, आज त्याच्याकडे टोकियो आणि पॅरिसची पदकं आहेत. विवेक सागर घाईचं उदाहरण नाही, धीराचं आहे. हेच मी त्या गृहस्थांना म्हटलं. शिबिरात पोराचं हाड मोडलं तर कोण बघणार, असंही विचारलं. ते म्हणाले, 'आप निगेटिव्ह बहुत सोचते हैं.'

हाडाची गोष्ट निघालीच आहे तर... हॉकी हा वाकून खेळायचा खेळ. सतराव्या वर्षी पाठीचा कणा अजून पक्का झालेला नसतो. ड्रॅग-फ्लिक मारताना कमरेतून जो पीळ द्यावा लागतो, तो रोज शंभरदा दिला तर कण्याला बारीक तडे जातात. कोवळ्या वयात सतत गोलंदाजी करणाऱ्या वेगवान गोलंदाजांना हेच होतं. आणि पेनल्टी कॉर्नरला समोरून ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं येणाऱ्या चेंडूवर धावून जाण्याचं काम बहुधा चपळ, कोवळ्या पोराच्याच गळ्यात पडतं. बरोबरीच्या पोरांत हे खेळणं निराळं. तीस वर्षांच्या जर्मन गड्याच्या स्टिकेसमोर निराळं.

क्रिकेटवाले म्हणतील, आमचा वैभव सूर्यवंशी बघा, तेराव्या वर्षी विकला गेला, चौदाव्या वर्षी २०२५ च्या एप्रिलात ३५ चेंडूंत शतक मारलं. बघितलं, आणि टाळ्याही वाजवल्या. त्याचं भलं होवो. पण त्याच क्रिकेटात आपला पृथ्वी शॉ आहे. चौदाव्या वर्षी हॅरिस शील्डमध्ये ५४६, अठराव्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक, आणि पंचविशीत, २०२४ च्या आयपीएल लिलावात, एकही बोली नाही. त्याची चूक किती आणि भोवतालची किती हे मी सांगू शकत नाही, इथं बसून न्याय करणं सोपं असतं. एवढंच म्हणतो की लिलावाच्या टेबलावर कुणालाही त्याची वाट पाहायची नव्हती. आपल्या पर्वरीच्या स्वप्निल अस्नोडकरला २००८ साली आपण डोक्यावर घेतलं होतं, नऊ सामन्यांत ३११ धावा आणि राजस्थान विजेता. तो तर चोवीस वर्षांचा होता, रणजी खेळून आलेला. तरी तीन-चार वर्षांत लीग त्याला विसरली. तो गोव्यासाठी खेळत राहिला आणि पुढे प्रशिक्षक झाला, कारण लीगच्या आधी त्याच्याकडे खेळ होता. ज्याच्याकडे आधीचं काहीच नाही, त्याला लीग विसरली की तो कुठं जाणार?

निघायच्या आदल्या दिवशी देवासला माताजीच्या टेकडीकडे गेलो होतो. कुमारजींचं घर तिथंच पायथ्याला. भाचा बरोबर होता, त्याला गाण्यात काडीचा रस नाही, तरी मामाच्या आग्रहाखातर आला. मी त्याला सांगत होतो, हा माणूस सात-आठ वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गायचा. कुमार गंधर्व ही पदवी तेव्हाची. गावोगाव जलसे व्हायचे. धंदा म्हणून बघितलं तर आयुष्यभर पुरला असता. पण बापानं पोर अकरा वर्षांचं असताना मुंबईला देवधर मास्तरांकडे ठेवलं. का? तर नकला करणारं पोर गवई व्हावं म्हणून. आणि नाव झाल्यावरही हा माणूस आपल्या पेडण्यातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकायला जाऊन बसला. पुढे क्षय झाला, १९४८ ला देवासला आला, पाच-सहा वर्षं गाणं बंद. (आजाराचं कौतुक करणारे भेटतात, मी त्यातला नाही. आजार तो आजारच.) पण परत गायला बसला तेव्हा गाण्यासारखं आत काही साठलेलं होतं, कारण लहानपणी कुणीतरी त्याला वेळेवर थांबवून शिकायला बसवलं होतं.

भाचा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, 'पण मामा, त्यांच्या वडलांना पैशाची गरज नसेल.'

याला मी उत्तर दिलं नाही. खरं तर माझ्याकडे नव्हतं. भावोजींनीही रात्री तेच वेगळ्या शब्दांत ऐकवलं. 'तुमचं बरं आहे हो, एक तारखेला पगार. आमच्या घरात दोन लाख एकरकमी कुणी पाहिलेत?' बहीण आतून म्हणाली, 'आणि शिबिराचे साठ हजार कुठून आणणार ते सांगा आधी.' त्यावर विषय तुटला.

भावोजींचा राग मला कळतो. म्हणूनच माझा रोख बापावर नाही, नियम करणाऱ्यांवर आहे. अठराच्या आतलं नाव लिलावाच्या यादीत येताच कामा नये. लीगला ज्युनियर हवेत ना? मग चार पोरं लिलावात घेण्याऐवजी प्रत्येक मालकानं चार पोरांचा शाळेसकट, डॉक्टरासकट तीन वर्षांचा खर्च त्यांच्या अकादमीत भरावा, आणि अठरा झाल्यावर पहिला हक्क सांगावा. मालकाला चार वर्षं थांबायचं नसेल तर त्याला पोर नको आहे, पोस्टर हवं आहे. हंगामाची तारीखही बोर्डाच्या परीक्षेवर बसवायची काय गरज? आणि कार्मिक विभागानं एक तर लीगचा खेळ नोकरीसाठी धरावा, नाही तर तो धरला जात नाही हे प्रत्येक करारावर पहिल्याच ओळीत, पोराच्या भाषेत छापायला लावावं. एवढं झालं तर चिवडा खाणारे निम्मे तरी कमी होतील.

परवा रात्री भाच्याचा फोन आला. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणाला. बाबा आठ दिवस नीट बोलून नाही राहिले, पण फीचे पैसे त्यांनीच दिले. पीटीच्या सरांनी जानेवारीत सकाळी दीड तासच खेळायचं असं ठरवून दिलंय. मग म्हणाला, 'मामा, राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी तुमच्या म्हापशाला हॉकी झाली होती ना, ते टर्फ निळं आहे की हिरवं?'

मी म्हटलं, पेपर संपले की ये, पेड्याला घेऊन जातो, तूच बघ. स्टिक घेऊन येऊ का, म्हणाला.